मला न ऐकू आलेली खरखर

बास गिटारला नव्या तारा चढवल्या की सुरुवातीचे काही दिवस तिचा आवाज वेगळाच लागतो. खालचा जाड सूर असतोच, पण त्याच्यावर एक लख्ख झणकार असतो, स्टीलच्या कोऱ्या ताटावर चमचा पडल्यासारखा. पुढं बोटांचा घाम लागतो, तारेच्या वेढ्यांत मळ बसतो आणि तो झणकार मरतो. मग नुसता धप्प आवाज उरतो. बरेच बासवाले तसंच वाजवत राहतात. मला मात्र तो झणकार लागतो. म्हणून लग्नसराईच्या आधी आणि गणपतीच्या आधी मी तारा बदलतोच. यंदा लग्नसराईच्या आधी बदलल्या आणि झणकार आलाच नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. बास कॉलेजात असल्यापासून वाजवतो. आमचा ऑर्केस्ट्रा आहे. ऑर्केस्ट्रा म्हणजे कीबोर्डवाला माझा जुना मित्र, ढोलकी आणि पॅड वाजवणारा एक, दोन गायक आणि मी. लग्नं, गणेशोत्सव, कुठल्या संस्थेचं स्नेहसंमेलन. फार मोठं नाव आहे असं म्हणवत नाही, पण वारणानगरपासून गडहिंग्लजपर्यंत बोलावणी येतात. लोक गायकांकडं बघत असतात, बासवाला मागं स्पीकरला टेकून उभा असतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बास थांबला की गाणं एकदम पोकळ होतं, हे मला ठाऊक होतं आणि तेवढं मला पुरत होतं.

त्या रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला, गिटार आडवी ठेवली, जुन्या तारा काढल्या, मानेवरची पट्टी पुसून घेतली आणि नव्या चार तारा चढवल्या. ट्यूनर लावून सूर मिळवले. छोट्या अँपला जोडून सगळ्यात जाड तार छेडली. धप्प. पुन्हा छेडली. जुन्या तारा जशा वाजत होत्या, तशाच ह्या वाजत होत्या.

मला वाटलं, माल खोटा आहे. तसाच उठलो आणि गिटार घेऊन बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. म्हटलं, "ह्या काय तारा दिल्यात? कोऱ्या तारा ह्या? जुन्या धुऊन पाकिटात भरल्यात."

त्यानं गिटार घेतली, मांडीवर धरून चारही तारा एकेक करून वाजवल्या. माझ्याकडं बघितलं. "लख्ख वाजत्यात की, साहेब."

"लख्ख? ह्याला लख्ख म्हणता?"

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारी तबला बघत असलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. दुकानदारानं वाद घातला नाही. दुसऱ्या कंपनीचं पाकीट काढून समोर ठेवलं. "ह्या घिऊन जावा. जरा बारीक हायत, आणखी उजळ वाजतील. न्हाय आवडल्या तर परत आणा."

घरी येऊन त्याही चढवल्या. त्याही धप्प. पण आता परत जायची लाज वाटली. मनाशी म्हटलं, तारांचा दोष नसेल, गिटारचं सेटिंग बिघडलं असेल.

इथं जरा सांगायला हवं. गिटारच्या लांब मानेत आत एक लोखंडी सळई असते. तारा मान पुढं ओढत असतात, सळई तिला मागं धरून ठेवते. तारांची जाडी बदलली की ओढ बदलते. बारीक तारा कमी ओढतात, मग मान मागं जाते आणि तारा पट्टीवर टेकायला लागतात. तेव्हा सळईचा स्क्रू एलन कीनं, म्हणजे सहाकोनी पान्यानं, थोडा सैल करायचा, मानेला किंचित पोट द्यायचं. मग खालच्या बाजूला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, प्रत्येक तारेची उंची ठरवायची. तार उंच ठेवली तर दाबायला बोटं दुखतात. फार खाली घेतली तर ती फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांना घासते आणि खरखर वाजते. ह्या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे सेटिंग.

हे काम मी स्वतः करतो. आमच्या ओळखीतल्या दोन-तीन गिटारवाल्यांच्या गिटारीही मीच लावून देतो. कामावरचं फिलर गेज, बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचं, माझ्याकडं आहे, त्यानं मापं घेता येतात. पण माप सुरुवातीला, शेवटी कान, अशी माझी पद्धत. तार हळूहळू खाली घ्यायची, प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघायची. खरखर सुरू झाली की थांबायचं आणि अर्धा आटा वर यायचं. बस्स.

त्या दिवशी खरखर सुरूच होईना. मी तार खाली घेतली, वाजवली, स्वच्छ. आणखी खाली घेतली, स्वच्छ. बारीक तारांमुळं होत असेल असं वाटलं. मला हुरूपच आला. इतक्या खाली माझ्या तारा कधीच नव्हत्या. बोट नुसतं ठेवलं की सूर लागत होता. सळईला हात लावायची गरजच वाटली नाही. बायको आतून बाहेर आली, टेबलाजवळ जरा थांबली आणि काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही न्हाय, जेवायला बसा."

बुधवारी संध्याकाळी मंगळवार पेठेत मित्राच्या माडीवर तालीम होती. जाताना मी खुशीत होतो. पहिलंच गाणं सुरू केलं आणि ध्रुवपद संपायच्या आत मित्रानं कीबोर्डवरचे हात उचलले.

"तुझी तार खरखरतीया, मर्दा."

"कुठली?"

"कुठली काय, सगळ्याच. पत्र्यावर साखळी ओढल्यागत वाजतंय."

मी प्रत्येक तार वाजवून दाखवली. "सांग, कुठं हाय खरखर?"

ढोलकीवाला हसायला लागला. मला वाटलं, दोघं मिळून चेष्टा करताहेत. आमच्यात तशी चेष्टा चालते. मी पण हसलो. मग मित्रानं मोबाईल काढला, मला वाजवायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि माझ्या कानाजवळ मोबाईल धरला. "ऐक. हे बघ. हे. हे काय हाय?"

मी ऐकलं. मला माझा बास ऐकू आला, नेहमीसारखा. बाकी काही नाही. त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो आता चेष्टा करत नव्हता. ढोलकीवाल्यानं हसणं कधी थांबवलं ते कळलं नाही.

"घरी जाऊन नीट लावतो," मी म्हटलं. गिटार पिशवीत घातली. 

पुढच्या रविवारी मुलीला समोर बसवलं. ती बी.एस्सी.ला आहे. तिला म्हटलं, "मी एकेक सूर वाजवतो. खरखर आली की बोट वर कर. बोलू नकोस, नुसतं बोट वर कर."

पहिल्या फ्रेटवर वाजवलं. बोट वर. दुसऱ्या फ्रेटवर. बोट वर. तिसऱ्या, चौथ्या. ती बोट खाली घेईचना. मी एलन कीनं सळई सैल केली, मान पुढं येऊ दिली, पुन्हा सूर मिळवले, पुन्हा वाजवलं. बोट वर. ब्रिजवरचे स्क्रू वर घेतले. बोट वर. मी तिच्या बोटाकडं बघत होतो आणि माझ्या कानाला एकही फरक जाणवत नव्हता. स्क्रू फिरवण्याआधी जसा आवाज, तसाच नंतर. मध्ये मी गिटारच्या लाकडावर गाल दाबून धरला. लाकडाचा थरकाप हाडात आला, पण खरखर त्यातही सापडली नाही.

शेवटी एका जागेला तिचं बोट खाली आलं ते खालीच राहिलं. मी पुढच्या फ्रेटला गेलो, तिथंही खाली. असं करत आम्ही चारही तारा पूर्ण केल्या. तिच्या बोटावर. मी फक्त पाना फिरवत होतो.

"झालं," ती म्हणाली. "आता मस्त वाजतंय, पप्पा."

"झणकार आहे का गं? नव्या तारांचा?"

"आहे की. किती छान आहे."

मी गिटार टॉवेलवर आडवी ठेवली. तीच बोलली, खाली बघत. "पप्पा, तुम्हाला कुकरची शिट्टी येत नाही ऐकू. मोबाईलची रिंग पण नाही, व्हायब्रेशनवरच कळतं तुम्हाला. आईला आणि मला माहीत आहे. कधीपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. आईनं दोनदा. तुम्ही म्हणालात, तू मुळमुळीत बोलतीस."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं नजर काढून घेतली. गेली काही वर्षं घरात सगळे माझ्याशी मोठ्यानं, तोंड माझ्याकडं करून बोलत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला वाटायचं, आमच्या घरात बोलायची पद्धतच तशी आहे. कोल्हापुरात कोण हळू बोलतं?

कानाच्या डॉक्टरांनी एका छोट्या बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबत गेलो. मग आवाज यायचे थांबले. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडची तपासणारी मुलगी मशीनची बटणं फिरवत होती, म्हणजे आवाज येत असणार. मी एकदा अंदाजानंच बटण दाबलं. तिनं मान हलवली नाही.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. डावीकडं रेषा वर होती, उजवीकडं जाता जाता खाली कोसळली होती. ते म्हणाले, "डावीकडं जाड आवाज, उजवीकडं बारीक. जाड तुम्हाला अजून चांगले ऐकू येतात, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. बारीक गेलेत. तार घासल्याची खरखर तिथंच असते. माणसाच्या बोलण्यातले स, श, त, क हेही तिथंच. काम कुठं करता?"

मी सांगितलं. मशीन शॉप सांगितलं, ऑर्केस्ट्रा सांगितला. स्पीकरला टेकून उभा राहतो तेही सांगितलं. त्यांनी नुसतं "हं" केलं.

"औषधानं परत येईल?"

"नाही. मशीन लावता येईल कानाला. पण जे गेलं ते गेलं. आता आहे ते सांभाळा. स्पीकरपासून लांब राहा."

मशीन काही दिवस वापरायला दिलं. लावून बाहेर आलो तर रस्ता अंगावर आला. रिक्षाचा हॉर्न, कागदाची पिशवी, स्वतःच्या चपलांची फटफट, सगळं पत्र्याचं झालेलं. घरी येऊन पहिल्यांदा गिटार घेतली. तारेवर बोट सरकल्याचा ओरखडा आला, किती वर्षांनी आला देव जाणे. पण सूर हलत होता. लांब धरलेला सूर पाण्यात बुडून वर यावा तसा हेलकावत होता, त्याची उंची कळत नव्हती. मशीन काढलं की सूर जागेवर येत होता आणि झणकार जात होता. मशीन लावलं की खणखणाट येत होता आणि सूर जात होता. मी लावून बघितलं, काढून बघितलं, पुन्हा लावलं. शेवटी एका वेळी एकाच कानात घालून बघितलं. बायको म्हणाली, "असू द्या आता, जेवून घ्या." मशीन डबीत ठेवलं आणि मी दिवाणावर आडवा झालो. जेवलो नाही.

मे महिन्यात गडहिंग्लजला एक लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, जेवणावळीच्या वेळी गाणी. मशीन मी घरीच ठेवलं. गिटार मुलीच्या कानानं लागलेली होती, त्यामुळं खरखरीची भीती नव्हती. मांडवात कर्नाटक सीमेकडची बरीच मंडळी होती, अण्णा, अक्का अशा हाका चालल्या होत्या, म्हणजे मला हाका मारणाऱ्यांची तोंडं तेवढी हलताना दिसत होती. जेवायला बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी मला हातानं खूण केली, जवळ गेलो तर कानाशी ओरडले, "पावणं, जरा आवाज कमी करा की, भात गळ्याखाली उतरंना."

तिसऱ्या की चौथ्या गाण्याच्या आधी गायिकेनं पट्टी बदलून मागितली. आमच्यात सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सांगतात, काळी एक, पांढरी चार, असं. मित्रानं मागं वळून मला ओरडून सांगितलं. मला "काळी" एवढंच ऐकू आलं. नेहमी आम्ही काळी दोनमध्ये ते गाणं घेतो. मी काळी दोन धरली. ते सगळे काळी एकमध्ये गेले होते.

बास चुकीच्या पट्टीत वाजला की काय होतं हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. घराचा पाया एका बाजूला आणि भिंती दुसऱ्या बाजूला, असं काहीतरी. गायिका थांबली नाही, ती भली बाई, डोळे मिटून ओढत राहिली. मला काहीतरी चुकतंय हे कळायला अख्खी एक ओळ गेली. मित्रानं एक बोट वर करून दाखवलं, तेव्हा मी पट्टी पकडली. समोर कुणी हसलं की नाही, ठाऊक नाही. सगळे जेवत होते.

संध्याकाळी टेम्पो ट्रॅव्हलरनं परत निघालो. मित्र माझ्या शेजारी खिडकीला बसला होता. निपाणी सोडून गाडी हमरस्त्याला लागली, इंजिनचा आवाज, खिडकीतून वारा. तो माझ्याकडं न बघता, बाहेर बघत, काहीतरी बोलायला लागला. मला त्याचा गाल हलताना दिसत होता. मी "काय?" म्हणालो असतो. पण त्या दिवसात मी इतक्यांदा "काय?" म्हणालो होतो की तो शब्द तोंडातून निघेना. त्याचं बोलणं संपलं. मग तो वळला आणि माझ्याकडं बघत थांबला. काहीतरी विचारलं होतं, हे स्पष्ट होतं.

मी म्हटलं, "व्हय. चालतंय की."

तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं का काय, असं मला वाटलं. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि पुन्हा खिडकीकडं तोंड केलं. मला वाटलं, दुपारच्या चुकीबद्दल काही समजुतीचं बोलला असेल. मला बरं वाटलं. त्या सगळ्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

त्यानंतर लग्नाच्या तारखा असणार, पण फोन आला नाही. पाऊस सुरू झाला, तेव्हा वाटलं कामं कमी असतील. श्रावण आला. गणपतीच्या तालमी आमच्या नेहमी श्रावणातच सुरू होतात. मी मुलीला पुन्हा समोर बसवून गिटार तपासून घेतली, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि मान हलते म्हणून. थोडंसंच लावावं लागलं. तरी फोन नाही. मग मीच केला. फोनवर मला आता स्पीकर चालू करून, कानाला चिकटवून धरावा लागतो.

"तालीम कधी ठेवलीयास रं?"

तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला. तो माझ्याशी तसं बोलतोय, हे मला आवडलं नाही. "तालीम सुरू हाय. बास मी डाव्या हातानं कीबोर्डवरच घेतोय."

"कधीपासून?"

"गडहिंग्लजवरनं आल्यापासनं. तुला इचारलं होतं की गाडीत. म्हणलं, वाईट वाटून घिऊ नको, पर हितनं पुढं बास मी कीबोर्डवर घिऊ का? तू म्हणलास, चालतंय की."

मी फोन कानाला आणखी दाबून धरला.

"म्हणला होतास न्हवं?" त्यानं विचारलं.

मला सांगता आलं असतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, मी नुसतंच व्हय म्हणालो, असं सांगता आलं असतं. मग तो म्हणाला असता, ये तालमीला. आणि मी गेलो असतो, आणि पुढच्या लग्नात पुन्हा पट्टी चुकलो असतो, आणि त्याला पुन्हा एकदा, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत, तेच विचारावं लागलं असतं.

"व्हय," मी म्हटलं. "म्हणलं होतं. बरोबर हाय."

"गणपतीत ये की ऐकायला."

"येतो."

फोन ठेवला. बायको भाजी निवडत समोर बसली होती. तिनं मान वर करून, तोंड माझ्याकडं करून, मोठ्यानं विचारलं, "कधी हाय तालीम?"

"तालीम न्हाय," मी म्हटलं. तिनं आणखी काहीतरी विचारलं. ते मला नीट ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.